वर्तनाची चोपडी कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, कंत्राटी कामगार किंवा गिरणीसंप यांपैकी काहीतरी येईल अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही कळविला तो विषय वर्तनदोष असलेल्या शाळकरी मुलांचा, आणि त्यांना आपले वागणे आवरण्यास संगणकाची मदत कशी झाली याचा. कामगार चळवळीतल्या माणसाने या वाटेला का जावे? तर माणसाच्या वागण्याची नोंद ठेवणारे यंत्र आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते कारखान्याच्या दारात असते, त्यावर आम्ही रोज अंगठा ठेवतो, आणि त्यातल्या एका आकड्यावरून आमचा अर्धा दिवस कापला जातो. तेच यंत्र नऊदहा वर्षांच्या पोराच्या बाकावर आले, तर ते मदतनीस म्हणून येते की मुकादम म्हणून, याकडे आमचे लक्ष गेले नसते तरच नवल.

प्रथम ही मुले कोण ते पाहू. दंगेखोर मूल प्रत्येक वर्गात असते. त्याच्याविषयी आम्ही बोलत नाही. काही मुलांचे चित्त खरोखरीच घटकाभर एके ठिकाणी ठरत नाही. काहींचा राग मनात उमटण्याआधी हातात उतरतो. काही एकाएकी आकांडतांडव करतात, काही तासन्‌तास मुकी बसून राहतात. यांना धाक घालून, मारून, वर्गाबाहेर उभे करून काही साधत नाही. उलट ती अधिकच बिथरतात, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या आईबापांना आम्ही सांगायला नको. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा व्यापक कायदा झाला आणि त्यात भावनिक बिघाड असलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत विनामूल्य व योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. त्यापूर्वी कित्येक शाळा अशा मुलांना सरळ घरी धाडीत. या विषयातले पुष्कळसे प्रयोग अमेरिकेत झाले, त्यामुळे आमची कथाही बरीचशी तिकडेच घडते.

पण तिचा आरंभ आम्ही स्कॉटलंडमधल्या एका सूतगिरणीपासून करणार आहोत. न्यू लॅनार्क येथील गिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेन याने १८०० सालच्या पहिल्या दिवशी हाती घेतला. हाच ओवेन पुढे ब्रिटनमधल्या कामगार संघटनांचा आणि सहकाराचा एक आद्य पुरस्कर्ता ठरला. त्याने मारझोड बंद केली आणि तिच्या जागी एक लहानशी वस्तू आणली. लाकडाचा चार बाजूंचा ठोकळा, बोटाएवढा. एक बाजू काळी, एक निळी, एक पिवळी, एक पांढरी. प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी तो टांगलेला असे, आणि आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे त्याचा एकेक रंग दर्शनी भागी येई. काळा म्हणजे वाईट, निळा बेताचा, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. या ठोकळ्याचे नाव ‘मूक देखरेख्या’. रोजचा रंग चोपडीत उतरविला जाई. ओवेन गिरणीतून फेरी मारताना तोंडाने काही बोलत नसे. नुसता ठोकळ्याकडे आणि मग माणसाकडे पाही.

आमच्या संघटनेतली तरुण पोरे हे ऐकून म्हणतात, हा तर आजच्या हजेरीयंत्राचा आजोबा! म्हणणे खोटे नाही. पण दोन गोष्टी नोंदविल्याच पाहिजेत. एक, रंग आपल्यावर अन्यायाने लादला असे ज्याला वाटे त्याला थेट ओवेनकडे दाद मागता येत असे. दुसरी याहून नवलाची. १८१६ साली त्याच न्यू लॅनार्कमध्ये ओवेनने मुलांसाठी जी संस्था उघडली, तेथील शिक्षणातून बक्षीस आणि शिक्षा ही दोन्ही काढून टाकलेली होती. त्याच्या मुलाने १८२४ साली या शाळेची जी हकीकत छापली तीत हे स्वच्छ सांगितले आहे. थोरांच्या डोक्यावर ठोकळा आणि मुलांना मोकळीक! ही विसंगती त्याला जाणवली होती की नाही कोण जाणे. आम्हांला मात्र वाटते की, मोठ्या माणसाला नोंद सोसते, वाढत्या मुलाला ती चिकटते, एवढे त्याने ओळखले असावे.

आता यंत्रांकडे येऊ. १९२४ च्या सुमारास ओहायो राज्याच्या विद्यापीठातील सिडनी प्रेसी या प्राध्यापकाने एक लहान पेटी तयार केली. खिडकीत प्रश्न दिसे, खाली चार कळी. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नसे. तिला एक जोडही होता: ठराविक संख्येने उत्तरे बरोबर आली की पेटीतून गोळी पडे, खाण्याची. मंदीच्या काळात ही पेटी विस्मरणात गेली. पुढे ११ नोव्हेंबर १९५३ रोजी हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत पालक म्हणून गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुले उदाहरणे संपवून रिकामी बसली होती, काही अडून घाम गाळीत होती, आणि आपले बरोबर की चूक हे कोणालाच त्या दिवशी कळणार नव्हते. प्रयोगशाळेत कबुतरांना जे आपण क्षणात कळू देतो ते या मुलांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळत नाही, याची त्यांना चुटपुट लागली. थोड्याच दिवसांत त्यांनी शिकविणारे यंत्र बनविले आणि १९५४ साली ते पिट्सबर्ग येथे विद्वानांना दाखविले.

स्किनर यांच्यावर टीका पुष्कळ झाली आहे, आणि माणसाला कबुतराच्या रांगेत बसविणारे तत्त्वज्ञान आमच्याही गळी उतरत नाही. तरी त्या यंत्राचा एक गुण मान्य केला पाहिजे. यंत्राला राग येत नाही. कालचा आकस ते आज धरीत नाही. ज्या मुलाने सकाळी वर्गात खुर्ची फेकली, त्याच्याकडे दुपारी शिक्षक कितीही सज्जन असला तरी निर्मळ नजरेने पाहू शकत नाही. तोही माणूसच आहे, आणि त्याच्या पुढ्यात साठ मुले आहेत. यंत्र पाहू शकते. अतिचंचल मुले शिक्षकापाशी बसत नाहीत आणि पडद्यापाशी बसतात, याचे अर्धे कारण चित्रे आणि रंग असतील, पण अर्धे कारण हे आहे, असे आम्ही समजतो.

या यंत्रांना बिघडलेल्या म्हटलेल्या मुलांपाशी नेण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९६५ आणि १९६६ साली वॉशिंग्टन येथे झाला. न्यायालयाने शिक्षा दिलेल्या मुलांसाठी तेथे नॅशनल ट्रेनिंग स्कूल नावाची संस्था होती. हॅरॉल्ड कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मुलांना क्रमबद्ध पाठ आणि शिकविणारी यंत्रे दिली आणि अभ्यासाला मजुरी लावली. होय, मजुरी! पाठ पुरा करून परीक्षेत उतरले की गुण, आणि एक गुण म्हणजे एक सेंट. त्या गुणांतून मुलाने स्वतःच्या खोलीचे भाडे भरावे, चांगले जेवण घ्यावे, टपालाने कपडे मागवावेत. ज्याच्यापाशी गुण उरले नाहीत तो सामाईक जागी निजे आणि संस्थेचे साधे अन्न खाई. याला तेथे ‘रिलीफ’ म्हणत, बेकाराला मिळते ते. ज्या मुलांना सर्व शाळांनी ओवाळून टाकले होते ती भराभर शिकू लागली. त्यांना अभ्यास येत नाही हा समज पार कोसळला, आणि हे काम लहान नव्हे.

पण नगावर मजुरीचा अनुभव असलेल्या कोणालाही पुढचा प्रश्न पडेल. नग संपले की काय? मुले बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी पुन्हा गुन्ह्यात सापडणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी भरले. तिसऱ्या वर्षापर्यंत तो फरक जवळजवळ पुसला गेला. बाहेरच्या जगात कोणी सेंट मोजून देत नव्हते, आणि मोजणारा गेला की मोजणेही थांबले. त्या मुलांचा हिशेब पहिल्यापासून दुसऱ्याच्याच चोपडीत होता.

त्याच सुमारास हार्वर्डमध्ये राल्फ आणि रॉबर्ट श्विट्झगेबेल हे जुळे भाऊ एक निराळेच यंत्र करीत होते. क्षेपणास्त्रांचा माग काढणाऱ्या लष्करी यंत्रणेतले टाकाऊ भाग घेऊन त्यांनी तरुण गुन्हेगारांच्या अंगावर वागविण्याचा एक प्रक्षेपक तयार केला. हेतू असा की, मुलगा ठरल्या वेळी शाळेत किंवा कामावर पोहोचला की त्याला तत्काळ शाबासकी धाडता यावी, लहानसे बक्षीस द्यावे. १९६९ साली त्याचे पेटंटही झाले. पुढे १९८३ साली अल्बुकर्क शहरातले न्यायाधीश जॅक लव्ह यांनी एका माणसाच्या घोट्याला विजेचे कडे बांधून त्याला घरी स्थानबद्ध केले. कल्पना त्यांना स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून सुचली असे सांगतात. हे कडे भावांच्या यंत्राचा थेट वंशज नव्हे, परंतु जगभर पसरले ते हेच. शाबासकी गळाली, पाळत राहिली. त्या भावांनी उतारवयात याबद्दल उघड खेद व्यक्त केला आहे.

आता या कथेतल्या आमच्या आवडत्या प्रसंगाकडे वळू. तो कॅन्सस राज्यातला आहे. कॅन्सस सिटीच्या ईशान्य भागात, गरीब कृष्णवर्णी वस्तीत, १९६० च्या दशकाच्या मध्यास विद्यापीठाने आणि तेथील रहिवाशांनी मिळून जुनिपर गार्डन्स नावाचा मुलांचा प्रकल्प चालू केला. त्यातले व्हान्स हॉल, आणि त्यांच्याबरोबर मार्सिया ब्रोडेन व ब्रेंडा मिट्स, यांनी १९७१ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवीतली एक मुलगी. इतिहासाच्या तासाला तिचे लक्ष नसे. मोजून पाहिले तो वेळेच्या सुमारे ३० टक्केच ती अभ्यासात असे. समुपदेशिकेने गोड शब्दांत समजावले, फरक नाममात्र. मग तिला घरे आखलेली एक चिठ्ठी दिली. आठवण होईल तेव्हा स्वतःशी विचारायचे, या क्षणी मी अभ्यास करते आहे का? असल्यास अधिकची खूण, नसल्यास उणेची. बस्स. बक्षीस नाही, दंड नाही, आणि इतिहासाच्या शिक्षकाला या चिठ्ठीचा पत्ताही नव्हता. तिचा अभ्यास ७५ टक्क्यांच्या पलीकडे गेला.

एका कागदाच्या कपट्याने हे व्हावे! तिच्या खुणा नेहमी अचूक होत्या असेही नव्हे. पण खूण करण्यासाठी तिला क्षणभर थांबून स्वतःकडे पाहावे लागत होते, आणि तेच औषध होते. त्याच अभ्यासातला दुसरा मुलगा गणिताच्या तासाला मधेमधे ओरडे. त्याच्याबाबतीत चिठ्ठीचा परिणाम काही काळाने ओसरला. म्हणजे चिठ्ठी हा मंत्र नव्हे. पुढे अंगवळणी पडेपर्यंत शिक्षकाने मुलाच्या सुधारणेची दखल घेतलीच पाहिजे, हे त्याच संशोधकांनी दाखविले.

येथून एक धागा सरळ निघतो. स्वतःकडे पाहण्याची आठवण मुलाला कोणी करून द्यायची? शिक्षकाने केली तर ती टोचणी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल हॅलाहान यांनी वर्गात टेपरेकॉर्डर ठेवला; थोड्याथोड्या, अनियमित अंतराने त्यातून टण असा आवाज निघे, आणि मुलाने कागदावर हो किंवा नाही लिहायचे. यंत्राकडे काम केवढे, तर घंटेचे! निकाल मुलाचा.

१९८३ साली जिंजर ऱ्होड, डॅनियल मॉर्गन आणि रिचर्ड यंग यांनी प्राथमिक शाळेतल्या सहा मुलांबरोबर आणखी एक पाऊल टाकले. ठराविक वेळाने शिक्षकाने मुलाच्या वागणुकीला ० ते ५ पर्यंत गुण द्यायचे, आणि मुलानेही स्वतःला तसेच द्यायचे. मग दोन्ही कागद समोरासमोर. आकडे तंतोतंत जुळले तर मुलाला एक गुण जादा. फारच फरक पडला तर काहीच नाही. यातली मेख ध्यानात घ्या. ज्या मुलाचा दिवस वाईट गेला आणि ज्याने तसे प्रामाणिकपणे लिहिले, त्यालाही जादा गुण मिळतो. गुण वागण्याइतकाच खरेपणाचाही. पुढे शिक्षकाचे आकडे हळूहळू कमी करीत नेले आणि मुलाचे स्वतःचे तेवढे राहिले; सुधारणा विशेष वर्गातून साध्या वर्गातही गेली. आमच्याकडे जुने कामगार पगाराच्या दिवशी खिशातून आपली वही काढीत आणि मालकाच्या मस्टरशी खाडे ताडून पाहत. मालकाचे मस्टर आणि आपली वही, दोन्ही टेबलावर असली म्हणजे वादही सभ्यपणे होतो. तो वर्ग आम्हांला त्या टेबलासारखा वाटला.

जुनिपर गार्डन्स प्रकल्प अजून चालू आहे, आणि चिठ्ठीचा धागा तेथेच संगणकापर्यंत पोहोचला. हॉवर्ड विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय-कनेक्ट नावाचे ॲप केले. मुलाच्या मोबाइलवर किंवा पाटीएवढ्या टॅबलेटवर ठरल्या अंतराने प्रश्न उमटतो: तू कामात आहेस का? मूल हो किंवा नाही दाबते. आवाज नको असेल तर यंत्र नुसते थरथरते, म्हणजे शेजारच्या बाकावर कळत नाही; शरमेची भावना असलेल्या मोठ्या मुलांना याचे फार महत्त्व. उत्तरांचा आलेख तयार होतो आणि मूल तो शिक्षकापाशी बसून पाहू शकते. प्रश्न कोणता आणि किती वेळाने, हे मुलागणिक ठरविता येते. अतिचंचल व स्वमग्न मुलांच्या अभ्यासात याचा उपयोग झाल्याचे निबंध प्रसिद्ध झाले आहेत. पाहायला गेले तर १९७१ चीच चिठ्ठी. भर पडली आहे ती घंटेची आणि आलेखाची.

एक आडवाट सांगून पुढे जातो. १९६७ साली निर्माण झालेली लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा. तिचे एक जनक सीमोर पॅपर्ट यांचे म्हणणे असे की, संगणकाने मुलाला चालविण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे. १९७६ साली एडिंबरो येथे सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी एका सात वर्षांच्या स्वमग्न मुलाच्या हाती कळींची पेटी दिली, जिच्यामुळे जमिनीवरचे यांत्रिक कासव पुढे जाई, वळे, भोंगा वाजवी. जो मुलगा कोणाशी संवाद करीत नसे, तो कासव आपल्या हुकमाने चालते हे पाहून बोलू लागला, शेजारच्या माणसाला त्यात ओढू लागला. ज्याच्यावर आजवर सर्वांनी हुकूम चालविले त्याच्या शब्दाने काहीतरी हलले, याचा आनंद आम्ही ओळखतो. संघटनेच्या पहिल्या सभेनंतर तो माणसांच्या चेहऱ्यावर दिसतो.

असो. आता उलट बाजू. २०११ साली सॅन फ्रान्सिस्को येथे क्लासडोजो नावाचे ॲप सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत लाखो शिक्षकांच्या हाती पोहोचले. प्रत्येक मुलाला एक गमतीदार राक्षसाचे चित्र. शिक्षक आपल्या मोबाइलवर बोट दाबतो आणि मुलाच्या नावे गुण चढतो किंवा उतरतो, हवे तर सर्व वर्गासमोर फळ्यावर, आवाजासह. आईबापांनाही घरबसल्या कळते. शिक्षकांना ते आवडले यात नवल नाही. बाजारात ते फुकट मिळते आणि छडीपेक्षा शतपट बरे आहे. पण हा ओवेनचा ठोकळा आहे, गोंडस रंगातला! दर्शनी टांगलेला, दुसऱ्याने फिरविलेला, चोपडीत उतरलेला. ज्या मुलाला वर्तनविकारच आहे त्याचे राक्षसचित्र रोज सर्वांदेखत काळे पडणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आणि चोपडी आता शाळेच्या कपाटात नसून एका कंपनीच्या संगणकात. २०१४ च्या नोव्हेंबरात वृत्तपत्रांतून आणि पालकांतून ओरड झाली, तेव्हा कंपनीने हे गुण एक वर्षानंतर पुसून टाकण्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी याहून मोठे प्रकरण निकालात निघाले होते. गेट्स प्रतिष्ठान आदींच्या सुमारे १० कोटी डॉलरांच्या बळावर इनब्लूम नावाची संस्था उभी राहिली होती. निरनिराळ्या राज्यांतल्या मुलांची सर्व माहिती एका कोठारात साठवायची, असा तिचा बेत होता. नोंदीच्या शेकडो रकान्यांत शिस्तभंगाचे आणि अपंगत्वाचे रकानेही होते. आठवीत केलेली मारामारी नोकरीच्या अर्जापर्यंत मागे येईल, या भीतीने आया जाग्या झाल्या. न्यूयॉर्कच्या आईबापांनी सभा घेतल्या, आमदारांना गाठले, कोर्टात गेले. एकेक राज्य बाहेर पडले, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने मनाई केली, आणि एप्रिल २०१४ मध्ये इनब्लूमने गाशा गुंडाळला. एवढी भांडवलवाली संस्था संघटित आयांपुढे टिकली नाही, हे आम्ही कामगारांच्या सभांतून मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे? २०२३ साली संसदेने अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या नवव्या कलमात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. वाचून बरे वाटते. पण २०२५ च्या नियमांत शैक्षणिक संस्थांना त्या मनाईतून सूट दिली आहे, शैक्षणिक कार्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. सूट सर्वस्वी गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्याशिवाय आय-कनेक्टसारखे साधनही वर्गात आणणे अवघड होईल. परंतु शैक्षणिक कार्य हा शब्द रबरासारखा आहे, आणि त्याच दारातून दोन्ही प्रकारची यंत्रे आत येणार. येत्या जूनमध्ये शाळांच्या पालकसभा भरतील. तुमच्यापैकी पुष्कळांच्या मुलांच्या शाळेत कोणते ना कोणते ॲप असेलच. तेथे विचारता येण्याजोगे प्रश्न साधे आहेत: वर्तनाची नोंद होते का, कोण करतो, मुलाला स्वतःला ती दिसते का, तिच्यावर हरकत घेता येते का, आणि ती कोणत्या तारखेला पुसली जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे.